लांब रेकॉर्डिंगमध्ये आवाज आणि चित्र एकमेकांपासून का सरकतात: निदान आणि उपाय

अंबाजोगाई, केज, परळी या पट्ट्यात सप्ताहातील कीर्तनांचे रेकॉर्डिंग आता जवळजवळ प्रत्येक गावात होते. ते करणाऱ्या मुलांपैकी अनेकांजवळ जुना लॅपटॉप असतो, त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू असते आणि चित्राच्या संपादनासाठी केडेनलाइव्ह, आवाजासाठी ऑडॅसिटी व रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ ही मुक्त सॉफ्टवेअर असतात. या मंडळींकडून मला वर्षानुवर्षे एकच तक्रार ऐकायला मिळते. पहिल्या पाच मिनिटांत ओठ आणि शब्द बरोबर जुळतात, तासाभराने आवाज किंचित मागे पडतो आणि शेवटच्या गजरापर्यंत तो इतका सरकलेला असतो की पाहणाऱ्याला ते सहन होत नाही. एका कीर्तनासाठी केलेला उपाय दुसऱ्या कीर्तनाला लागू पडत नाही, म्हणून दोष सॉफ्टवेअरचा आहे असा समज होतो आणि माणूस एकामागून एक सॉफ्टवेअर बदलत राहतो.

हा त्रास मी स्वतः भोगला आहे. एका सप्ताहाची कीर्तने मी मोबाइलवर चित्रित केली होती आणि मिक्सरमधून निघणारा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता. जिथे जिथे घसरण जाणवली तिथे मी आवाजाची पट्टी कापली आणि थोडी थोडी आधीच्या बाजूला ओढली. दोन तासांच्या कीर्तनात असे डझनभर काप झाले. ते काम मृदंग वाजवणाऱ्या वयस्कर बुवांना दाखवले, तेव्हा त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवले आणि म्हणाले, “हात माझा दिसतोय, पण थाप दुसऱ्याची वाटतीय.” त्यांचा उजवा तळहात शाईवरून उचलला गेल्यानंतर थापेचा आवाज येत होता, आणि पुढच्याच आवर्तनात हात पुडीला टेकण्याआधी आवाज येत होता. कापून सरकवण्याने घसरण गेली नव्हती, ती फक्त तुकड्यातुकड्यांत वाटली गेली होती. म्हणून माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे हे आहे की घसरण मोजल्याशिवाय आवाजाला हात लावू नये. किती सरकले आणि कसे सरकले हे मोजले की कारण बहुतेक वेळा त्या आकड्यातूनच कळते.

आधी मोजमाप

मोजण्यासाठी आवाजाची टोकदार खूण लागते. कीर्तनात ती आयतीच मिळते, कारण टाळाचा एक स्वच्छ ठोका ऑडॅसिटीच्या तरंगरेषेत सुळक्यासारखा उभा दिसतो आणि त्याच क्षणी चित्रात दोन्ही टाळ एकमेकांना भिडलेले दिसतात. केडेनलाइव्हच्या टाइमलाइनवर, म्हणजे चित्र आणि आवाजाच्या पट्ट्या मांडायच्या जागेवर, सुरुवातीचा असा एक ठोका, साधारण मध्यावरचा एक आणि शेवटच्या काही मिनिटांतला एक असे तीन ठोके निवडावेत. प्रत्येक ठिकाणी टाळ भिडलेली फ्रेम (व्हिडिओतले एक स्थिर चित्र) शोधावी आणि आवाजाचा सुळका तिच्यापासून किती फ्रेम पुढे (आधी) किंवा मागे (नंतर) आहे ते कागदावर लिहून ठेवावे. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांची असते, आणि २५ फ्रेम असतील तर ४० मिलिसेकंदांची.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच आला, तर आवाज घसरत नसून तो केवळ ठरावीक अंतराने पुढेमागे आहे आणि एकदाच सरकवल्याने काम होते. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत समप्रमाणात वाढत गेला, तर दोन घड्याळांचा किंवा चुकीच्या दराचा प्रश्न आहे. तो काही भागात वाढला, काही भागात थांबला आणि पुन्हा वाढला, तर मोबाइलच्या अस्थिर फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या फ्रेमची संख्या बदलत राहण्याचा, संशय घ्यावा. तो एका जागी एकदम उडी मारून नंतर तसाच राहिला, तर तिथे आवाजाचा तुकडा गळालेला आहे. तीनच मोजमापे असली तर मधली दोन कारणे कधीकधी सारखी भासतात, म्हणून शंका असल्यास आणखी दोन ठोके मोजावेत. त्याला दहा मिनिटे लागतात आणि पुढचे दोन दिवस वाचतात.

किती फरक चालतो याचेही एक माप आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या एका शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. दोन्ही बाजूंच्या मर्यादा सारख्या नाहीत. दूरवर लाकूड तोडणाऱ्याची कुऱ्हाड आधी दिसते आणि घाव नंतर ऐकू येतो, त्यामुळे मागे पडलेला आवाज आपल्याला फार खटकत नाही. पण आवाज आधी आणि कृती नंतर हे निसर्गात कधीच घडत नाही. म्हणून नेमके जुळवता येत नसेल, तर आवाज एखादी फ्रेम मागे राहिलेला चालेल, पुढे गेलेला चालणार नाही.

मोबाइलचा अस्थिर फ्रेम रेट

आमच्या भागातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ मला इथेच सापडले आहे. त्या सप्ताहातली एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. रात्रीची सगळी कीर्तने सरकली होती आणि शेवटच्या दिवशी सकाळी झालेले काल्याचे कीर्तन मात्र शेवटपर्यंत जुळलेले होते. मोबाइल तोच होता, जागा तीच होती, रेकॉर्डर आणि सॉफ्टवेअरही तेच होते. फरक फक्त उजेडाचा होता.

उजेड कमी झाला की मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घेऊ देतो, आणि त्यासाठी सेकंदाला ३० ऐवजी २४ किंवा त्याहूनही कमी फ्रेम टिपतो. मंडपातला मोठा दिवा कीर्तनकारांच्या अंगावर आला की दर वाढतो, ते सावलीत सरकले की तो पुन्हा घटतो. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमसोबत तिची वेळ नोंदलेली असते, म्हणून व्हीएलसीसारख्या प्लेयरमध्ये ही फाइल व्यवस्थित चालते आणि दोष लपून राहतो. संपादनाचे सॉफ्टवेअर मात्र समान अंतरावरच्या फ्रेम गृहीत धरून टाइमलाइन आखते, आणि विस्कळीत अंतरांची फाइल तिच्यावर बसवताना चित्र व आवाज यांची सांगड सुटते. प्लेयरमध्ये नीट चालणारी फाइल टाइमलाइनवर सरकत असेल, तर हीच ती खूण समजावी.

खात्री करण्यासाठी मीडियाइन्फो हे छोटे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात फाइल उघडून व्हिडिओच्या विभागातील ‘फ्रेम रेट मोड’ ही ओळ पाहावी. तिथे ‘व्हेरिएबल’ असे आले म्हणून लगेच घाबरू नये, कारण चांगल्या उजेडातही मोबाइलच्या बहुतेक फाइलींत तेच येते. खरा आकडा सरासरी फ्रेम रेटचा असतो. तो तीसच्या अगदी जवळ असेल तर दोष अन्यत्र शोधावा. तो २६ किंवा २४ दिसत असेल तर शोध संपला.

यावर उपाय एकच आहे, आणि तो संपादन सुरू करण्याआधी करायचा असतो: संपूर्ण फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घेणे. केडेनलाइव्हमध्ये अशी क्लिप आणली की सॉफ्टवेअर स्वतःच फ्रेम रेट अस्थिर असल्याची सूचना देते आणि संपादनाला सोयीच्या स्वरूपात बदलून देण्याची तयारी दाखवते. घाईत सूचनेची ती पट्टी बंद करण्याची सवय अनेकांना आहे, ती मोडावी. शॉटकट या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच सोय आहे. हँडब्रेक हे फाइल बदलण्याचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी व्हिडिओच्या टॅबमध्ये ३० हा दर स्वतः निवडावा आणि त्याखालील ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ हा पर्याय लावावा. तयार प्रीसेटमध्ये बहुधा ‘पीक फ्रेमरेट’ लागलेला असतो आणि तो फक्त वरची मर्यादा घालतो, दर स्थिर करत नाही. टर्मिनलमधून चालणाऱ्या एफएफएमपेगची सवय असणाऱ्यांनी ‘एफपीएस’ फिल्टरला ३० ही किंमत द्यावी. बदललेली फाइल मूळ फाइलपेक्षा बरीच मोठी होते, दोन तासांच्या कीर्तनाला जुन्या लॅपटॉपवर रात्रभर लागू शकते, आणि तरीही हे टाळू नये. आधीच कापाकापी केलेल्या प्रकल्पात नंतर फाइल बदलून ठेवली, तर जुने काप चुकीच्या जागी पडतात. तसे झाले असेल तर नवा प्रकल्प उघडणे हेच शहाणपणाचे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रकल्प २५ फ्रेमचा आणि क्लिप ३० फ्रेमची असल्यामुळे आवाज सरकतो असे अनेकांना वाटते. दोन्ही दर स्थिर असतील तर त्यामुळे हालचाल किंचित अडखळते, आवाज सरकत नाही.

आकडा बोलतो तेव्हा

फरक समप्रमाणात वाढत असेल, तर दर तासाला किती सरकले हे काढावे. तासाला साधारण ३.६ सेकंदांचा फरक आला, तर २९.९७ आणि ३० या दोन दरांची गल्लत झालेली आहे. रंगीत दूरचित्रवाणीच्या अमेरिकी पद्धतीतून आलेला २९.९७ हा दर तीसपेक्षा एक हजारांशाने कमी आहे, आणि ३,६०० सेकंदांचा एक हजारांश म्हणजे ३.६ सेकंद. क्लिपच्या गुणधर्मांत कोणीतरी फ्रेम रेट सक्तीने बदललेला असतो; ती खूण काढली की फरक नाहीसा होतो.

तासाभराचा आवाज ५५ मिनिटे ७.५ सेकंदांतच संपत असेल, तर ४४.१ किलोहर्ट्झने (सेकंदाला ४४,१०० नमुने) घेतलेला आवाज ४८ किलोहर्ट्झचा समजून वाजवला जात आहे. हे ऐकूनही ओळखता येते, कारण पट्टी सुमारे दीड अर्धस्वर चढते: काळी एकमध्ये गाणारे बुवा पांढरी दोनच्याही वर गेल्यासारखे वाटतात आणि बोलणे घाईघाईचे होते. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या यादीत ‘रेट’ असतो. तो ४४,१०० केला की आवाज मूळ लांबीवर येतो.

तासाला एकदशांश ते चार दशांश सेकंद एवढाच फरक असेल, तर कोणाचीही चूक नाही. मोबाइल आणि रेकॉर्डर यांच्यात प्रत्येकी एक स्फटिकाचे घड्याळ असते, आणि दोन घड्याळे तंतोतंत सारखी कधीच नसतात. दहा लाखांत पन्नास भागांचा फरक अगदी सामान्य आहे आणि तो तासाला ०.१८ सेकंद भरतो. म्हणजे दोन तासांच्या कीर्तनाच्या शेवटी दहा-अकरा फ्रेम. ही घसरण कापून काढायची नसते, तर रेकॉर्डरच्या संपूर्ण आवाजाची लांबी किंचित बदलायची असते.

प्रत्यक्ष हिशेब असा करावा. मोबाइलच्या फाइलमध्ये पहिल्या व शेवटच्या निवडलेल्या ठोक्यांतले अंतर ६,६३०.०० सेकंद आले आणि रेकॉर्डरच्या फाइलमध्ये तेच अंतर ६,६३०.४६ सेकंद आले, असे समजा. रेकॉर्डरची संपूर्ण फाइल ७,२०० सेकंदांची असेल, तर त्रैराशिकाने तिची नवी लांबी ७,१९९.५० सेकंद येते. ऑडॅसिटीत संपूर्ण ट्रॅक निवडून वेग बदलण्याचा इफेक्ट उघडावा आणि टक्केवारीच्या चौकटीत काही न लिहिता नव्या लांबीच्या चौकटीत हा आकडा भरावा. टक्केवारी इतकी बारीक असते की दशांश स्थळे अपुरी पडतात. ‘चेंज टेम्पो’ हा इफेक्ट मात्र इथे वापरू नये. तो स्वर न बदलता लय बदलतो आणि त्यासाठी आवाजाचे बारीक तुकडे पुन्हा जोडतो, त्यामुळे टाळाची आणि मृदंगाची धार बोथट होते. साध्या वेगबदलाने स्वर इतका कमी हलतो की कोणत्याही कानाला तो कळत नाही.

ठरावीक अंतराचा फरक

लांबी दुरुस्त झाली की केडेनलाइव्हमध्ये मोबाइलच्या आवाजाला ‘ऑडिओ रेफरन्स’ ठरवून रेकॉर्डरचा आवाज त्याच्याशी आपोआप जुळवून घेता येतो. ही सोय उत्तम आहे, पण ती आवाजाला आवाजाशी जुळवते, चित्राशी नाही. मोबाइल मंडपाच्या मागच्या टोकाला, स्टेजपासून ३५ मीटरवर लावला असेल, तर त्याच्या माइकपर्यंत आवाज पोहोचायला उन्हाळ्यात सुमारे एकदशांश सेकंद लागतो, कारण तापलेल्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. रेकॉर्डरचा आवाज त्या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवला, तर तोही तीन फ्रेम उशिरा बसतो. म्हणून आपोआप जुळवणी झाल्यावर टाळ भिडलेली फ्रेम डोळ्यांनी पाहावी आणि लागतील तेवढ्या फ्रेम आवाज आधी घ्यावा. मोबाइलजवळच भोंगा बांधलेला असेल तर मात्र हा हिशेब बदलतो, कारण तारेतून येणाऱ्या आवाजाला उशीर होत नाही.

ऑनलाइन व्याख्यानांत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. परभणीहून शेतीतज्ज्ञ जित्सी मीट या ऑनलाइन बैठकीच्या सेवेवरून बोलतात, आमच्याकडे सभागृहात यूएसबी कॅमेरा आणि मिक्सर जोडलेला असतो, आणि सगळे ओबीएसवर रेकॉर्ड होते. ओबीएसची फाइल स्थिर फ्रेम रेटचीच असते. तिथे सहसा अडचण एवढीच असते की कॅमेऱ्याचे चित्र संगणकात पोहोचायला माइकच्या आवाजापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आवाज पुढे जातो. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून दहा सेकंदांचे रेकॉर्डिंग करावे आणि फ्रेम मोजाव्यात. पाच फ्रेमचा फरक आला तर ओबीएसच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये त्या माइकच्या ‘सिंक ऑफसेट’समोर १६७ मिलिसेकंद लिहावे. हा आकडा फक्त सभागृहातल्या माइकला द्यायचा असतो. जित्सीवरून येणाऱ्या वक्त्याचे चित्र आणि आवाज ब्राउझर स्वतः जुळवून देतो, त्यामुळे डेस्कटॉपच्या आवाजालाही तोच आकडा दिला तर नीट असलेले बिघडते. ब्लूटूथचा हेडसेट अशा कामात नकोच. त्याचा माइक सुरू होताच तो फोनवरच्या बोलण्याच्या पद्धतीत जातो, आवाज दबतो आणि उशीरही वाढतो.

एकदम उडी मारणारा फरक

ऑनलाइन रेकॉर्डिंगमध्ये आवाज एका जागी एकदम सरकला असेल, तर त्या क्षणी संगणकाला आवाज वेळेवर उचलता आला नाही असे समजावे. पाइपवायर (लिनक्समधील आवाज हाताळणारी व्यवस्था) असलेल्या यंत्रणेवर टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप हा आदेश चालू ठेवला, तर ‘ईआरआर’ या रकान्यातला आकडा अशा प्रत्येक वेळी वाढताना दिसतो. ओबीएस, ब्राउझर आणि माइक सगळे ४८ किलोहर्ट्झवर ठेवावेत, पाइपवायरचा क्वांटम, म्हणजे एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या नमुन्यांचा गट, १०२४ नमुन्यांपर्यंत वाढवावा आणि माइक यूएसबी हबऐवजी थेट लॅपटॉपला जोडावा. १०२४ नमुने म्हणजे जेमतेम २१ मिलिसेकंद, त्यामुळे संभाषणात काही जाणवत नाही. ब्राउझरमधले इतर टॅब बंद करणे हा उपाय साधा वाटतो, पण चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झालेला मी पाहिला आहे.

विजेचा लपंडाव आपल्याला नवा नाही, म्हणून एक खबरदारी इथेच सांगतो. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्ही स्वरूपात ठेवावे. साध्या एमपी-फोर फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते, आणि त्याआधी लॅपटॉप बंद पडला तर फाइल उघडतच नाही. एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते आणि ओबीएसमधूनच नंतर एमपी-फोर करता येते.

पुढच्या रेकॉर्डिंगसाठी

रात्रीच्या कीर्तनात मोबाइलसाठी शक्य तेवढा उजेड मागून घ्यावा. साउंडवाल्यांना किंवा मंडपवाल्यांना स्टेजवर एक जास्तीचा दिवा लावायला सांगितले तर कोणी नाही म्हणत नाही. ओपन कॅमेरा हे मुक्त अॅप घेऊन त्यात व्हिडिओचा फ्रेम रेट निवडावा आणि एक्सपोजर कुलूपबंद करावे. यानेही दर पूर्ण स्थिर होईल असे नाही, पण चढउतार बराच कमी होतो. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा. कीर्तन सुरू होण्यापूर्वी टाळकऱ्यांपैकी एकाला कॅमेऱ्याकडे तोंड करून एकच ठोका द्यायला सांगावे, आणि शेवटी दोन्ही यंत्रे बंद करण्याआधी पुन्हा एक. आमच्याकडचे टाळकरी आता न सांगता स्वतःच कॅमेऱ्याकडे पाहून टाळ वाजवतात, आणि त्या दोन ठोक्यांमुळे मोजमापाचे काम मिनिटांत होते. एकाच रात्री यंत्र मध्ये थांबवून पुन्हा सुरू केले असेल, तर प्रत्येक भागाला असे दोन ठोके हवेत.

रेंडर झालेली, म्हणजे संपादनानंतर तयार झालेली, फाइल तपासताना सुरुवात पाहण्यात वेळ घालवू नये. आधी शेवटची पाच मिनिटे उघडावीत, मृदंगावरचा हात आणि थाप पाहावी, आणि ती जुळल्याची खात्री होईपर्यंत मोबाइल व रेकॉर्डर यांतली मूळ फाइल पुसू नये.